बॅटरी फुल हाय

होडीची बॅटरी मी संपवली होती. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती संपवली असं आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं. आळीत ठरलेलं होतं, वडिलांच्या मनात तर त्यांचे डोळे मिटेपर्यंत ठरलेलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दादाच्या स्वतःच्या मनातही. ते खरं नव्हतं. इतकी वर्षं हे एक वाक्य मी मनात घोळवलं, आंघोळ करताना, गाडी चालवताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये दुसराच कुणी बोलत असताना. लिहायला बसलो तर ते एवढंसं निघालं. पण त्याच्या मागे जे आहे ते एवढंसं नाही, म्हणून हे प्रकरण.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. एका बाजूला थोरल्या काकांची भिंत, दुसऱ्या बाजूला धाकट्या काकांची, आणि मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर तो तिसऱ्याच कुणाच्या तरी मोरीला लागे. उजेड फक्त पुढून, खाडीच्या बाजूने यायचा. अंगणात जवळा वाळत घातलेला असे आणि आय हातात काठी घेऊन कावळ्यांशी मोठमोठ्याने भांडत असे. आमच्याकडे कुजबुजून बोललेलं तीन घरांत ऐकू जायचं, त्यामुळे कुणी कुजबुजायचंच नाही, सगळे ओरडून बोलायचे. मला अभ्यासाला मासे ठेवायच्या थर्माकोलच्या पेट्यांवर फळी टाकून टेबल करून दिलं होतं. पेट्या धुतल्या तरी वास जात नसे. कॉलेजमध्ये वही उघडली की शेजारचा मुलगा नाक वर करून इकडेतिकडे बघायचा आणि मीही त्याच्याबरोबर इकडेतिकडे बघायचो, जणू मलाही तो वास कुठून येतोय ते कळत नव्हतं.

बाबा कमी बोलायचे आणि बोलले की ते बोलणं संपलेलं असायचं. त्यांनी हिशेब मांडला होता: दादा होडीवर, मी त्या समोरच्या इमारतींत. समोरच्या म्हणजे बेलापूरच्या, आमच्या जेटीवरून दिसणाऱ्या ऑफिसांच्या. मला इंजिनियरिंगला घातल्यापासून ते लिलावात मासळी मांडतानासुद्धा दोन मिनिटं थांबून कुणाला तरी सांगायचे, "आमचा हरेश इंजिनियर." मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि एका विषयात नापास झालो होतो. ते घरी सांगितलेलं नव्हतं. खोटं न बोलता गप्प राहायची मला तेव्हापासूनच चांगली सवय होती. आज मागे बघतो तेव्हा वाटतं, त्या घरात माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, पण कुठे वळायलाही जागा ठेवली नाही. हुशार हा शब्द माझ्या अंगावर शिवून टाकला होता आणि तो उसवला तर आत काय निघेल याची भीती फक्त मला होती.

आता बॅटरीचं सांगतो. आमच्या होडीच्या इंजिनावरचा डायनॅमो कधीचा बिघडलेला होता, त्यामुळे बॅटरी समुद्रात चार्ज होत नसे. होडी लागली की दादा बॅटरी सोडवून, खांद्यावर घेऊन घरी आणायचा, मग नाक्यावरच्या दुकानात चार्जिंगला टाकायचा, आणि भरून आली की ती दाराआड गोणपाटावर बसायची. निघायच्या वेळी पुन्हा खांद्यावरून जेटीवर. दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लागायचं, त्याची बोटं वर्षभर तिच्या काळ्या अंगावर दिसत. बाबांचा नियम एकच होता. "तिला हात लावायचा नाय. ती घरातली वस्तू नाय, होडीची हाय. घरात फक्त झोपायला येते." दादाला मात्र थोडी मोकळीक होती, कारण ती वाहायचं काम त्याचं. होडीवर त्याने एक जुना कॅसेट डेक बसवला होता आणि पाणी चढायची वाट बघताना तो बॅटरीवर गाणी लावायचा. दादाला गाण्याचं वेड होतं. हळदीत बेंजो सुरू झाला की तो पहिला मधे उतरायचा, आणि आय पदर तोंडाला लावून हसत म्हणायची, "बगा, जेला माजा पोर नाचाला."

त्या वर्षी कॉलेजात यंत्रमानवांची स्पर्धा होती. वायरच्या टोकावरच्या बटणांनी चालवायची एक गाडी, तिला हात, आणि त्या हाताने मैदानातले लोखंडी नट, वॉशर एकेक उचलून पलीकडच्या डब्यात टाकायचे. माझा जोडीदार किरण, वाशीला राहणारा, बडबड्या आणि मनाने मोकळा. बाकीच्या जोड्यांनी चिमटे, पकडी असलं काही बनवलं होतं. आम्ही ठरवलं, विद्युतचुंबक. बोल्टावर तांब्याची तार गुंडाळायची, वीज सोडली की बोल्ट चुंबक होतो आणि नट चिकटतो, वीज बंद केली की सोडून देतो. पुस्तकात हे दोन ओळींत होतं. आमचा चुंबक उचलायचा झकास, सोडायचा मात्र नाही. बटण बंद केलं तरी वॉशर टोकाला लटकत राही.

"अरे यार, याला कुणीतरी सांगा लाइट गेली म्हणून," किरण म्हणाला.

सरांनी सांगितलं, बोल्ट कडक पोलादाचा आहे, त्यात थोडं चुंबकत्व उरतं. लोखंड मऊ करा, म्हणजे लालभडक तापवून राखेत हळूहळू निवू द्या. आमच्या घरी गॅस होता, पण अंगणातली चूल आयने सोडली नव्हती. तिच्यावर निवट्यांचं कालवण रटरटत होतं आणि मी खाली निखाऱ्यांत बोल्ट सरकवला.

"आरं, माज्या चुलीत काय घातलंस?"

"बोल्ट हाय, आय. मऊ करायचाय."

"मऊ करून खानार हायेस?"

"तो बोल्टाचं आंबट करतोय, आय," दादा ओट्यावरून म्हणाला. "कोकम जास्त टाक, नायतर घशात फिरंल." आणि मग खरंच उठून फुंकणीने निखारे फुलवत माझ्याशेजारी बसला. बोल्ट लाल झाला तेव्हा चिमट्याने धरून राखेत पुरला त्यानेच. दुसऱ्या दिवशी मी टोकाला चिकटपट्टीचा एक तुकडाही लावला, म्हणजे नट आणि लोखंड यांच्यात केसाएवढी फट राहील. वॉशर टपकन पडला. दादाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं झालं काम.

पण आता दुसरी अडचण. पट्टीमुळे जोर कमी झाला. जोर वाढवायला आम्ही जाड तारेची नवी कॉईल केली, आणि ती वीज अक्षरशः प्यायची. छोट्या बॅटऱ्या काही मिनिटांत मान टाकायच्या. प्रयोगशाळा स्पर्धेच्या आदल्या दिवशी बंद. किरण म्हणाला, स्पर्धेत पॉवर सप्लाय तेच देणार आहेत, टेन्शन घेऊ नकोस. पण मला हात किती उंचीवरून न्यायचा, चुंबक किती वेळ धरू शकतो, हे बघायचंच होतं. नापास झालेल्या विषयाचं उट्टं मला या स्पर्धेत काढायचं होतं, हे किरणला ठाऊक नव्हतं.

भांगाचे दिवस होते, म्हणजे भरतीला जोर नसतो ते. होड्या जेटीला होत्या, बॅटरी भरून दाराआड बसलेली होती, आणि त्या संध्याकाळी आमच्या आळीत हळद होती. भांगाचे दिवस बघूनच आमच्याकडे हळदी धरतात. अख्खा गाव मांडवात. "तू येत नाय?" आयने विचारलं. "उद्या स्पर्धा हाय," मी म्हणालो. घर रिकामं झालं आणि मी दाराआडून बॅटरी ओढून काढली.

बॅटरीच्या खुंट्यांना दोन चिमटे लावले. चुंबकाने नट असा झडप घालून उचलला की मला हसू फुटलं. मी एकेक करून उचलत होतो, सोडत होतो. मग मुठीएवढा नटांचा गुच्छ उचलून बघितला. मग तो किती वेळ धरून ठेवतो ते बघायला तसाच लटकवून ठेवला. तेवढ्यात दारात चुलत्यांची मुलं आली, "हरेशदादा, पंगत बसली, बाबा बोलावतात," आणि बाबा बोलावतात म्हटल्यावर मी जसा होतो तसा उठलो. चटकन जेवून येईन म्हणून. मांडवात मग कुणी आग्रह केला, कुणी हाताला धरून बसवलं, आणि दादा बेंजोपुढे असा काही नाचत होता की मीही बघत राहिलो. त्या गर्दीत मी चुंबक साफ विसरलो.

परत आलो तर खोलीत करपलेल्या रोगणाचा वास. तार काळवंडली होती, हात लावला तर चटका बसला, आणि नटांचा गुच्छ केव्हाचा खाली पडला होता. बॅटरी तपासायचा बल्ब लावून बघितला. लागला, पण पिवळा, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यासारखा. मी चिमटे सोडवले, बॅटरी दाराआड ढकलली, गोणपाट नीट केलं, खिडकी उघडून वास घालवायचा प्रयत्न केला, आणि त्या खिडकीतून तर पलीकडच्या मोरीचा वास आत आला.

तेव्हा सांगता आलं असतं. नाक्यावरचा चार्जिंगवाला मांडवातच होता, पिऊन आडवा. दुसऱ्या दिवशीपासून पाणी जोर धरणार होतं, इतके दिवस बसून काढल्यावर सगळ्या होड्या पहाटे निघणार होत्या, आणि फक्त आमची जेटीला राहिली असती, इंजिनियरमुळे. बाबांनी रोबो उचलून खाडीत टाकला असता. मग किरणला काय सांगणार? अशी एकेक भिंत मी उभी करत गेलो आणि शेवटी त्यांच्या मध्ये अंथरूण घालून पडलो. दादा हँडल मारून इंजिन चालू करतो हे मी कितीदा पाहिलं होतं. त्यावर मी विसंबलो.

पहाटे दादाने मला हलवून उठवलं. तो आंघोळ करून, कपाळाला हळद तशीच ठेवून उभा होता. "हरू, तू इंजिनियर ना? बग जरा, बॅटरी फुल हाय काय. चार दिस बसलीय."

माझ्या हातात त्याने बल्ब दिला. मी बॅटरीसमोर उकिडवा बसलो, माझी पाठ त्याच्याकडे. रात्रभर पडून राहिल्यावर बॅटरी थोडी सावरते, उजेड आदल्या रात्रीपेक्षा बरा होता. बरा, पण पूर्ण नाही. मला फरक कळत होता. कळत नाही असं मी स्वतःलाही कधी म्हणू शकलो नाही.

"फुल हाय," मी म्हणालो.

"शाबास," म्हणून त्याने बॅटरीच्या खुंटीवर अंगठा फिरवला, "कसला वास येतोय, मोरी तुंबली काय?" असं विचारत ती खांद्यावर घेतली. जाता जाता म्हणाला, "बक्षीस आन."

मी पुन्हा पडलो. थोड्या वेळाने जेटीवरून गाणी ऐकू आली. पाणी चढायचं होतं, बाबा अजून चहा घेत होते, आणि दादाने डेक लावला होता. हळदीचाच कैफ. मी उताणा पडून ऐकत होतो. एक गाणं संपलं की वाटायचं आता बंद करेल. तो दुसरं लावायचा. प्रत्येक गाणं त्या बॅटरीतून निघतंय हे मला माहीत होतं आणि मी चादर तोंडावर घेतली. मग स्टार्टर कुरकुरला, इंजिन लागलं, टुकटुक करत दूर गेलं. मी सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाची मला आजही लाज वाटते.

आम्ही जिंकलो. करपलेली कॉईल चालली, आयोजकांच्या सप्लायवर तर उत्तमच चालली. बाकीच्यांचे चिमटे वॉशर पकडताना बोटं चुकल्यासारखे ठेचकाळत होते आणि आमचा हात नुसता खाली जायचा, वर यायचा, टपकन सोडायचा. किरणने मला उचलून घेतलं. सर म्हणाले, "लोखंड नीट मऊ केलंत." कप घेऊन घरी आलो तर अंगणातला जवळा कावळे खात होते आणि त्यांना हाकलायला कुणी नव्हतं.

घडलं ते असं. उरणजवळच्या मोरा बंदराच्या बाजूला आमची डोल असायची, खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं. तिथे पोचून इंजिन बंद करावंच लागतं. जाळं भरलं, ओढून घेतलं, आणि निघायच्या वेळी स्टार्टर नुसता टक, टक, टक करत राहिला. तो टक टक कशाचा, हे त्या घरात फक्त मला कळलं. स्टार्टरमध्येही एक विद्युतचुंबकच असतो. वीज अपुरी मिळाली की तो लोखंड ओढतो, धरू शकत नाही, सोडतो, पुन्हा ओढतो. ओहोटीने होडी मोठ्या जहाजांच्या रस्त्याकडे वाहायला लागली आणि समोरून एक मालवाहू बार्ज येत होता. दादाने हँडल घातलं. घाईत मारलं. ते उलटं फिरलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. मग डाव्या हाताने मारून त्याने इंजिन चालू केलं, बाबांना मोऱ्याच्या जेटीपर्यंत होडी आणू दिली, आणि तिथे धक्क्यावर पाय टेकल्यावर चक्कर येऊन पडला.

तो घरी आला तेव्हा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. दारातच त्याची नजर कपावर गेली. "जिंकलास काय?" आणि डाव्या हाताने कप उचलून त्याने आयला दाखवला. आयला रडू की हसू कळेना.

बाबा ओट्यावर बसले होते. ओल्या कपड्यांत, तसेच. "बॅटरी कशी उतरली?" त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत, म्हणून सगळे जास्त घाबरले.

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगतो, जरी त्याचा आता काही उपयोग नाही. पण दादा आधी बोलला.

"फुल होती. हरूने बगितली होती पहाटे. मीच गानी लावली, बाबा. जास्त वेळ लावली." आणि मग खाली बघून, "चुकलो मी."

माझ्याच खोट्या शब्दाने त्याला बांधून टाकलं होतं. इंजिनियरने बघितली म्हणजे फुल असणारच, मग राहिलं काय, गाणी. बाबा उठले. "गानी ऐकाला होडी घेतली मी? बारीक बारीक तुकडं होऊन बार्जखाली नाचलो असतो दोघं बापलेक." ते बोलत राहिले, दादा मान हलवत राहिला. मी दरवाज्याला टेकून उभा होतो, कुणीतरी पाठीमागून कडी लावल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दादाने डेक सोडवून आणला आणि जेटीच्या टोकावरून खाडीत टाकला. कॅसेटीही. देवीसमोर नारळ फोडून शब्द दिला, माझ्या घरात विजेवरचं, यंत्रावरचं गाणं वाजणार नाही. आय म्हणाली, एवढं कशाला रे. तो म्हणाला, "बाबा गेले असते, आय."

मनगट नीट जुळलं नाही. दोरी धरली की मूठ आपोआप सुटायची. बाबांनी काही दिवस हाताखाली माणूस ठेवून पाहिलं, मग होडी विकली. दादा बेलापूरला एका इमारतीच्या गेटवर सिक्युरिटीला लागला, माझ्यासाठी ठरवलेल्या इमारतींपैकीच एका. मी शेवटच्या वर्षाला असताना माझी फी त्याच पगारातून जायची. सकाळी निघताना तो आरशासमोर उभा राहून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा, आणि मी मागच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून ते संपायची वाट बघायचो. मी इंजिनियर झालो त्या वर्षी नारळी पौर्णिमेला गावाने माझा सत्कार केला तेव्हा शाल घालायला स्टेजवर दादालाच बोलावलं. त्याने शाल घातली, आणि खाली उतरताना कानात म्हणाला, "माज्या हाताने मऊ केलेला बोल्ट हाय, इसरू नको." मी पुढे बसलेल्या सगळ्या गावाकडे बघत हसत राहिलो.

बाबांनी ते प्रकरण कधी संपू दिलं नाही. शेजारी रेडिओ लागला की म्हणायचे, "बग, तुजा इंजिन चालू झाला." मस्करीत म्हणायचे, आम्ही सगळे हसायचो, दादा सगळ्यात मोठ्याने. म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हाही सूप भरवणाऱ्या दादाच्या वाकड्या मनगटाकडे बघून एकदा पुटपुटले, "नाद. नादाने खाल्ला तुना." मी पायाशी बसलो होतो. त्या खोलीत आम्ही तिघेच होतो. यापेक्षा सोपी संधी देवाने कुणाला दिली नसेल. मी त्यांचे पाय दाबत राहिलो.

आता मी महापेला एका कारखान्यात आहे, जिथे बारीक भाग उचलून ठेवणारी यंत्रं बनतात. खारघरला बाराव्या मजल्यावर घर आहे, चारी बाजूंनी उजेड येतो. तरी रविवारी खिडकीत उभा राहिलो की खाडीच्या दिशेला पाठ करतो. नवीन मुलं विचारतात, सर, इथे विद्युतचुंबक का नाही लावत, सोपा आहे. मी त्यांना सोडायच्या वेळची अडचण समजावतो, चिकटपट्टीची युक्ती सांगतो, मुलं हसतात. चुलीची गोष्टही सांगतो. बॅटरीपाशी येऊन थांबतो.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीची, दर्शनाची, हळद ठरली. तिने मला फोन केला. "काका, पप्पा बेंजो नाय बोलतात. डीजे नाय, स्पीकर नाय. धवलारीन लग्नाची जुनी गानी गाईल म्हणतात. माज्या मैत्रिनी काय करतील, जेवून घरी जातील? तुमचं ऐकतात ते. तुमीच सांगा." कोळ्याच्या घरची हळद आणि बेंजो नाही, असं गावात कधी झालेलं नव्हतं. लोकांनी आतापासूनच टिंगल सुरू केली होती, असं म्हणून ती फोनवरच रडायला लागली.

मी गेलो. दुपारची वेळ, वहिनी बाजारात, दर्शना आत. दादा ड्युटीवरून येऊन ओट्यावर खुबे निवडत बसला होता, डाव्या हाताने. मी समोर बसलो आणि म्हणालो, "दादा, बेंजो लाव. तो शब्द तू चुकीच्या गोष्टीसाठी दिलास. बॅटरी तुज्या गान्यांनी नव्हती उतरली. मी उतरवली होती."

दादा हसला. मनापासून हसला. "पोरीने पाठवला काय तुना? बरा इंजिनियर हायेस. हलदीसाठी खोटं पन बोलाय लागला." आणि आत तोंड करून ओरडला, "दर्शू, तुजा काका लय नाटकी हाय!"

हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. खरं सांगितलं तर तो रागावेल, रडेल, उठून जाईल, सगळं मी धरून चाललो होतो. तो मला चांगला समजेल, हे नाही. तिथेच थांबलो असतो तर कदाचित हळदही वाजली असती आणि त्याच्या नजरेत मी आणखी थोडा मोठा झालो असतो. मी त्याच्या हातातली टोपली बाजूला ठेवली.

"दादा, ऐक. त्या हलदीला मी घरी होतो. बॅटरीला रोबोचा चुंबक लावला आनि पंगतीला आलो, तो चालूच राहिला. तू नाचत होतास, मी बगत बसलो. घरी आलो तर तार करपली होती. तू पहाटे बॅटरी उचललीस तवा बोल्लास ना, कसला वास येतोय, मोरी तुंबली काय? ती मोरी नव्हती. बॅटरीच्या खुंटीवर चिमट्याचे ताजे ओरखडे होते, तू अंगठा फिरवून बगितलास. आठवतंय?"

त्याला आठवत होतं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी हसू तिथेच राहिलं, मग फक्त त्याची जागा राहिली. त्याने उजवं मनगट डाव्या हातात धरलं, जसा तो थंडीत धरतो. आतून दर्शनाच्या बांगड्यांचा आवाज येत होता तोही थांबला, ती ऐकत असावी.

"मी इचारलं होतं तुना," तो हळू म्हणाला. "फुल हाय काय म्हनून."

"हो."

मग खाडीकडे बघत त्याने विचारलं, "हाताचं जाऊ दे. बाबा होते तवर का नाय बोल्लास?"

भीती म्हणू, लाज म्हणू, ती तर पहिल्या वर्षाचीच. नंतरच्या सगळ्या वर्षांना काय म्हणू? मी ओट्यावरून खाली उतरलो, त्याच्या समोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो:

"दादा, चुकलो. तू इचारलंस आनि मी तुज्या तोंडावर खोटं बोललो. तुजा हात माज्यामुलं गेला, होडी माज्यामुलं गेली, तुजी गानी माज्यामुलं बंद झाली. आनि बाबांच्या शिव्या, त्या माज्या होत्या, त्या मी तुना खाऊ दिल्या. त्यांना सांगायचं राहिलं, ते आता माज्या हातात नाय. तू माफ कर म्हनून मी आलो नाय, करू नको हवं तर. पन तू चुकला नव्हतास, दादा. तू कदीच चुकला नव्हतास. मी चुकलो."